कमानीच्या जुन्या फायरप्लेसमध्ये पेलेट इन्सर्ट बसवताना

न्यू इंग्लंडपासून न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियापर्यंत १९२०-३०च्या दशकांत बांधलेली ट्यूडर किंवा कलोनियल धाटणीची घरं आजही विकायला येतात, आणि ती घेणाऱ्यांत आपली मंडळीही असतात. अशा घराच्या दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस असतेच, आणि तिचं तोंड पुष्कळदा कमानीचं असतं. घर बघायला आलेला प्रत्येक जण तिच्यासमोर उभा राहून फोटो काढतो. पहिल्या हिवाळ्याचं ऑइलचं बिल आलं की कळतं, ती नुसती शोभेची आहे. उघड्या फायरप्लेसमध्ये ओंडके पेटवले तर उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा खोलीत येतो. बाकीची धुराड्यातून वर जाते, आणि जाताना बॉयलरने पैसे खाऊन तापवलेली घरातली हवाही ओढून नेते.

त्याच पोकळीत पेलेट इन्सर्ट बसवला तर चित्र बदलतं. इन्सर्ट म्हणजे फायरप्लेसच्या आत सरकवायचा बंद स्टोव्ह. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, गुरांच्या गोळीपेंडीसारख्या दिसणाऱ्या पाव इंच जाडीच्या कांड्या, म्हणजे पेलेट, त्याच्या हॉपरमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाकीत, ओतायच्या. आतला ऑगर, म्हणजे मोटरवर फिरणारा स्क्रू, त्या थोड्या थोड्या करून बर्न पॉटमध्ये, म्हणजे जाळाच्या भांड्यात, टाकतो. एक पंखा जाळाला हवा देतो आणि धूर बाहेर ढकलतो, दुसरा गरम हवा खोलीत फेकतो. १९८०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या जेरी व्हिटफिल्ड या विमान-अभियंत्याने घरगुती पेलेट स्टोव्ह पहिल्यांदा बाजारात आणला. यंत्र खूप सुधारलं असलं तरी मूळ रचना फारशी बदललेली नाही.

अडचण वेगळीच आहे. इन्सर्ट चौकोनी डबा असतो आणि तुमचं तोंड कमानीचं. दुकानातला माणूस विचारतो, "उंची किती?" तुम्ही कमानीच्या माथ्यापर्यंतची उंची सांगता, तो म्हणतो बसेल. ट्रक दारात आल्यावर डब्याचे वरचे दोन कोपरे कमानीच्या खांद्यांना अडतात. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मापांना दिली आहे. लायनर (चिमणीच्या आत सोडायची धुराची नळी), वीज, परवाना हे सगळं व्यावसायिकाकडून करून घेता येतं, पण माप मात्र स्वतः घ्या. ते चुकलं तर पुढचं सगळं काम अडतं.

आधी एक खात्री

कमान विटांची दिसते म्हणून फायरप्लेस खरोखर विटांची असेलच असं नाही. १९७०-८०नंतरच्या घरांत बऱ्याचदा आत कारखान्यात तयार झालेली पत्र्याची पेटी असते आणि पुढे नुसत्या विटा चिकटवलेल्या असतात. टॉर्च घेऊन आत डोकं घाला. भिंती पत्र्याच्या किंवा तयार सिमेंटी फरश्यांच्या असतील, कुठे कंपनीची पट्टी ठोकलेली असेल, आणि छपरावर विटांच्या चिमणीऐवजी लाकडी खोक्यातून डोकावणारा धातूचा पाइप असेल, तर ती पेटी आहे. तिच्यात कोणता इन्सर्ट चालतो हे त्या पेटीच्या आणि इन्सर्टच्या, दोन्हींच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असावं लागतं. तिथे मनाने काही कापाकापी करायची नाही. पुढचं सगळं विटांच्या खऱ्या फायरप्लेसबद्दल आहे.

टेप, ओळंबा आणि पुठ्ठा

फायरप्लेसच्या तळाला मध्यबिंदूवर खडूने खूण करा. मग ही मापं घ्या: तळाशी रुंदी, कमान जिथून वळायला लागते त्या रेषेवरची रुंदी, तळापासून त्या रेषेपर्यंतची उंची, डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळी, आणि मध्यभागी माथ्यापर्यंतची उंची. डावी-उजवी वेगळी घ्यायची कारण जुन्या घरांत दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात. अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो, आणि इन्सर्टच्या बाबतीत अर्धा इंच म्हणजे बसणं आणि न बसणं यातला फरक.

आता खरं माप. तुमच्या मनातल्या इन्सर्टची रुंदी मॅन्युअलमधून बघा. तिच्या निम्म्या अंतरावर मध्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करा आणि त्या खुणांपासून सरळ वर, ओळंबा धरून, कमान कुठे लागते ते मोजा. तुमच्या उपयोगाची उंची तीच. माथ्याची उंची विसरून जा.

एक उदाहरण करून बघू. तोंड ३६ इंच रुंद, कमान २० इंचांवर वळायला लागते आणि माथा २६ इंचांवर. म्हणजे कमानीचा उठाव ६ इंच. कमान एकाच वर्तुळाचा तुकडा असेल तर तिची त्रिज्या काढता येते: रुंदीचा वर्ग भागिले उठावाची आठपट, अधिक उठावाचा निम्मा. ३६ चा वर्ग १२९६, भागिले ४८ म्हणजे २७, अधिक ३; त्रिज्या ३० इंच. इन्सर्ट २८ इंच रुंद असेल तर त्याचा कोपरा मध्यापासून १४ इंचांवर येतो. ३० च्या वर्गातून १४ चा वर्ग वजा करा, ७०४ उरतात; त्याचं वर्गमूळ साधारण साडेसव्वीस. त्यातून त्रिज्या वजा उठाव, म्हणजे २४, काढले की अडीच इंच राहतात. थोडक्यात, कोपऱ्यापाशी तुम्हाला २० अधिक अडीच, म्हणजे साडेबावीस इंचच मिळतात. माथ्याला २६ इंच मोजणाऱ्याने २४ इंची डबा मागवला तर तो बाहेरच राहणार. साडेएकवीस इंचांचा आरामात जाईल.

हा हिशोब फक्त वर्तुळाच्या कमानीला लागू पडतो. ट्यूडर घरांतल्या कमानी अनेकदा खांद्याला झपकन वळतात आणि माथ्याकडे चपट्या किंवा किंचित टोकदार होतात. तिथे सूत्र सोडा, पुठ्ठा घ्या. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा इन्सर्टच्या पुढच्या आकाराचा कापून तोंडात सरकवून बघा. त्याहून चांगलं म्हणजे एक बाय दोनच्या लाकडी पट्ट्यांचा इन्सर्टच्या पूर्ण मापाचा सांगाडा ठोका आणि तो आत ढकला. अर्ध्या तासाचं काम आहे, पण त्यात पोकळी आत किती खोल आहे तेही तपासलं जातं, आणि तिथेच गंमत असते. फायरप्लेसच्या बाजूच्या भिंती मागे निमुळत्या होत जातात आणि मागची भिंत वर येताना पुढे झुकते. त्यामुळे मागची रुंदी पुढच्यापेक्षा कमी, आणि वरची खोली तळापेक्षा कमी. मॅन्युअलमध्ये किमान मापं दिलेली असतात ती पुढची, मागची, तळाची, वरची अशी सगळी जुळली पाहिजेत. वर धुराचा पाइप जोडायला हात जाईल इतकी जागाही लागते, हे कोणी सांगत नाही.

कमानीच्या मागेही हात घालून बघा. कधी पुढची एक वीटभर जाडी कमानीची असते आणि तिच्यामागे लोखंडी अँगलवर सरळ छत असतं, कधी कमान थेट मागच्या भिंतीपर्यंत जाते. पहिल्या प्रकारात मागे उंची जास्त मिळू शकते, पण डबा आधी पुढच्या कमानीखालून जायला हवा.

कमानीला हात लावायचा नाही

माप अर्ध्या-एक इंचाने कमी पडलं की कोणीतरी सुचवतंच, "दोन विटा जरा घासून घेऊ." घेऊ नका. चौकोनी तोंडावर लोखंडी लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असतं, वरचा भार त्याच्यावर असतो. कमानीत बहुधा असं काही नसतं. विटा एकमेकींना दाबून उभ्या असतात आणि भार दोन्ही खांद्यांकडे ढकलतात. त्यातली एक कापली किंवा सैल केली तर बाकीच्यांनी उभं राहायला आधारच राहत नाही. वरच्या भिंतीला, चिमणीला तडा गेला की दुरुस्तीचं बिल इन्सर्टपेक्षा मोठं येईल. आतल्या तळाच्या जळक्या फायरब्रिकचा एक थर काढून उंची मिळते का, हे अनुभवी गवंड्याला विचारता येईल. त्याखाली काय आहे ते बघूनच तो सांगेल. पण कमान तशीच ठेवायची.

डबा बसतच नसेल तर दोन रस्ते आहेत. काही इन्सर्टचा बराचसा भाग फायरप्लेसच्या बाहेर येतो आणि आत थोडाच जातो. बाहेरच्या भागाला कमानीचं बंधन नाही, म्हणून आत जाणारा भाग बुटका असलेलं मॉडेल शोधा. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो: इन्सर्टचा हट्ट सोडून पायांवर उभा राहणारा साधा पेलेट स्टोव्ह पुढच्या विटांच्या ओट्यावर ठेवायचा आणि त्याचा पाइप मागे फायरप्लेसमध्ये नेऊन लायनरला जोडायचा. कमान पूर्ण दिसत राहते, साफसफाईला चारही बाजूंनी हात पोचतो. ओटा मात्र पुरेसा खोल हवा आणि मँटलपासूनचं, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीपासूनचं, अंतर मॅन्युअलप्रमाणे सुटायला हवं. बुटक्या कमानीच्या घरात मी हाच सल्ला देतो.

परवाना, विमा, तपासणी

हे कंटाळवाणं आहे, पण आधीच करायचं. गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटकडून परवाना घ्या. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात घन इंधनाच्या स्टोव्हला तो लागतोच, इतरत्र फोन करून विचारा. घराच्या विमा कंपनीला कळवा. आग लागल्यावर कळवण्यात अर्थ नाही. स्टोव्ह ईपीएच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेच्या, सध्याच्या नियमात बसणारा हवा. १५ मे २०२० पासून नव्या पेलेट स्टोव्हला धुरातल्या कणांची मर्यादा ताशी २ ग्रॅम आहे. जुना वापरलेला स्टोव्ह स्वस्त मिळाला तर घेण्याआधी तुमच्या गावात तो चालतो का ते बघा. आणि एक: ३० टक्के फेडरल कर-सवलतीच्या जुन्या जाहिराती अजून नेटवर फिरतात. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या स्टोव्हला ती सवलत नाही.

चिमणी साफ करून घ्या आणि एनएफपीए २११ या चिमण्यांच्या अग्निसुरक्षेच्या प्रमाणकातली लेव्हल दोनची तपासणी करून घ्या. चिमणीला जोडलेलं उपकरण बदलताना हीच पातळी अपेक्षित असते आणि तीत आतून कॅमेरा सोडतात. जुन्या मातीच्या नळ्यांना गेलेले तडे, सांध्यातून निघालेला चुना, मध्येच बसलेलं पक्ष्यांचं घरटं, सगळं दिसतं. रेकॉर्डिंग मागून ठेवा.

लायनर

पेलेट स्टोव्हचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा थंड असतो आणि पंखा तो दाबाने ढकलतो. मोठ्या थंडगार चिमणीत नुसता सोडून दिला तर वर चढायला कुरकुरतो, आणि त्यातली बारीक राख अशा जागी साठते जिथे तुमचा ब्रश कधीच पोचणार नाही. पूर्वी डँपरच्या (फायरप्लेसच्या वर, चिमणीच्या घशात बसवलेल्या झडपेच्या) जरा वर पाइप नेऊन सोडून देत. तसं करून देणारे अजूनही भेटतील. तळापासून चिमणीच्या टोकापर्यंत अखंड स्टेनलेस स्टीलचा लवचीक लायनर टाकून घ्या. ॲल्युमिनियमचा लायनर गॅससाठी असतो, तो इथे चालत नाही.

व्यास तीन इंच की चार? बऱ्याच कंपन्यांचा हिशोब असा: सरळ उभ्या पाइपच्या प्रत्येक फुटाला अर्धा, आडव्याला एक, ४५ अंशांच्या वळणाला तीन आणि ९० अंशांच्या वळणाला किंवा टी-जोडाला पाच. बेरीज १५ च्या वर गेली की चार इंची. दोन मजली घराची २४ फुटी चिमणी घ्या: बारा, अधिक एका टीचे पाच, सतरा. म्हणजे चार इंची. जुन्या घरांत बहुतेकदा उत्तर हेच येतं. तुमच्या मॅन्युअलमधला तक्ता वेगळा असेल तर तोच प्रमाण मानायचा.

लायनर वरून सोडतात. खालच्या टोकाला शंकूच्या आकाराचं टोपण, त्याला दोर. एक जण छपरावरून सोडतो, दुसरा खाली फायरप्लेसमध्ये बसून हळूहळू ओढतो. अडतो तो नेमका डँपरपाशी. तिथली बिडाची चौकट अरुंद असते, आणि कमानीच्या फायरप्लेसमध्ये हात वर घालायलाही तोंड अडचणीचं असतं. डँपरची झडप काढावी लागते, कधी चौकटीचा तुकडा ग्राइंडरने कापावा लागतो. झडप ठेवलीच तर ती कायमची उघडी अडकवून टाकायची. छपरावरचं काम चिमणीवाल्यालाच द्या. उतरत्या छपरावर चढून वाचवलेले पैसे महागात पडतात.

वर चिमणीच्या तोंडावर पत्र्याची झाकण-प्लेट उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनने चिकटवून, लायनर तिला क्लँपने आवळून, त्यावर टोपी.

खाली डँपरच्या पातळीला आणखी एक पत्रा हवा, आणि तो बहुतेक जण टाळतात. याला ब्लॉक-ऑफ प्लेट म्हणतात. लायनरपुरतं भोक पाडलेला पत्रा घशाच्या आकाराचा कापून, कडा इंचभर खाली वळवून विटांत स्क्रूने बसवायचा, फटी सिलिकॉनने बुजवायच्या आणि वर मिनरल वूल भरायचं. फायबरग्लासची गादी इथे चालत नाही. कमानीच्या फायरप्लेसमध्ये डब्याच्या वर आणि माथ्याच्या मागे बरीच रिकामी जागा उरते. गरम हवा तिथे जमते आणि प्लेट नसेल तर मुकाट चिमणीत निघून जाते. चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर हा पत्रा असणं-नसणं खोलीत जाणवतं.

हवा आणि वीज

जाळाला लागणारी हवा स्टोव्ह खोलीतून ओढतो. घर नव्या खिडक्यांनी आणि इन्सुलेशनने गच्च बंद केलेलं असेल तर ती पुरत नाही. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते: फोडणीचा धूर बाहेर काढायला लावलेला दणकट एक्झॉस्ट. मिरच्यांचा ठसका नको म्हणून तो पूर्ण वेगाने चालवला की घरातली हवा खेचली जाते आणि दिवाणखान्यातला जाळ पिवळा, सुस्त होतो, काच काळी पडते. त्यावर उपाय म्हणजे बाहेरची हवा थेट स्टोव्हला देणारा धातूचा पाइप. फायरप्लेसच्या तळाला राख काढायचं दार असेल तर तिथून तो नेता येतो, नाहीतर मागच्या भिंतीला भोक पाडावं लागतं. काही जण तो चिमणीतूनच वर नेतात. तुमची कंपनी त्याला परवानगी देत असेल तरच, आणि हवा घेणारं तोंड धूर सोडणाऱ्या तोंडाच्या खाली ठेवूनच.

वीज लागतेच. पेटताना प्रज्वलकाला तीन-चारशे वॅट, नंतर त्याहून बरंच कमी. जुन्या फायरप्लेसजवळ प्लग नसतो. एक्स्टेंशन कॉर्ड गालिच्याखालून न नेता इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगवाला प्लग काढून घ्या आणि मध्ये सर्ज प्रोटेक्टर लावा. बर्फाच्या वादळात वीज गेली की स्टोव्ह बंद पडतो, आणि पंखा थांबल्यामुळे आत राहिलेला थोडा धूर घरात येऊ शकतो. पूर्ण उंचीचा लायनर असेल तर तो धूर आपसूक वर जातो, हा त्याचा आणखी एक फायदा. बॅटरी बॅकअप घेणार असाल तर शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवर मोटरी गुरगुरतात आणि कंट्रोल बोर्ड बिघडतो.

डबा आत

इन्सर्टचं वजन अडीचशे-चारशे पौंडांच्या घरात असतं. दार, हॉपरचं झाकण, आतल्या सुट्या विटा काढून ठेवल्या तर उचलणं सोपं होतं. ओट्यावर प्लायवूड टाका, फायरप्लेसच्या तळावर पातळ पत्रा. डबा त्यावरून सरकतो आणि विटांचे टवके उडत नाहीत. तळ उंचसखल असेल तर पायांचे स्क्रू फिरवून पाणलेव्हलने सारखा करा. तिरक्या डब्यात पेलेट नीट पडत नाहीत आणि दार घासतं. काही मॉडेलमध्ये एक चौकट फायरप्लेसमध्ये पक्की बसवायची असते आणि स्टोव्ह तिच्या रुळांवरून पुढे ओढता येतो. साफसफाईच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे, म्हणून निवड करतानाच त्याचा विचार करा. मात्र अशा मॉडेलला पुढे खेचायला ओट्यावर मोकळी जागा हवी, आणि वरची कमान पुढे झुकलेली नको.

लायनर जोडताना प्रत्येक सांधा उष्णतारोधक सिलिकॉनने बंद करून स्टेनलेसचे तीन स्क्रू मारायचे. रुळांच्या मॉडेलमध्ये स्टोव्ह आणि पाइप यांच्यात गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) असते, तिथे स्क्रू मारायचा नाही, नाहीतर स्टोव्ह पुढे येणारच नाही. लक्षात ठेवा, पंख्याच्या पुढच्या पाइपमध्ये दाब असतो, म्हणून फटीतून धूर बाहेर येतो. लाकडाच्या स्टोव्हची सवय असलेल्याला हे उलटं वाटतं.

बाजूचे पत्रे लावण्याआधी एकदा पेटवून बघा. खिडक्या उघडा, नव्या रंगाचा वास पहिल्या एक-दोन जाळांत येणारच. खोलीतला दिवा मालवून पेटण्याच्या पहिल्या मिनिटांत टॉर्चचा झोत सांध्यांवर टाका. तेव्हा धूर सगळ्यात दाट असतो, बारीक गळतीही झोतात दिसते. जाळ स्थिरावला की पेटलेली उदबत्ती दाराच्या कडेने फिरवा. भट्टीच्या आत दाब कमी असतो, त्यामुळे उदबत्तीचा धूर जिथे आत ओढला जाईल तिथलं गॅस्केट सैल आहे. बिल्डिंग डिपार्टमेंटच्या निरीक्षकालाही याच टप्प्यावर बोलवा, सगळं उघडं असताना. कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा अलार्म याआधीच लागलेला हवा.

कमानीचा पत्रा

आता दर्शनी भाग. इन्सर्टबरोबर येणारं पॅनेल चौकोनी असतं. ते पूर्ण कमान झाकेल इतकं मोठं मिळत असेल, विटांचा दर्शनी भाग सपाट असेल आणि माथ्याची वीट पुढे आलेली नसेल, तर तेवढ्याने भागतं. पण कमान पत्र्यामागे जाते. ज्या कमानीसाठी घर आवडलं तीच झाकायची, हे मला पटत नाही.

पत्र्याचं काम करणाऱ्या स्थानिक कारागिराकडून कमानीच्या आकाराचं पॅनेल करून घ्या. त्याला आकडे देऊ नका, साचा द्या. तोंडावर पुठ्ठा लावून आतून कमानीची कड पेन्सिलीने उतरवा, कापा, पुन्हा लावून बघा, कमी-जास्त करा. डावी-उजवी बाजू आणि "पुढची बाजू" असं साच्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, नाहीतर पत्रा उलटा कापला जातो. पॅनेल कमानीच्या आत बसवायचं असेल तर साच्यापेक्षा पाव इंच लहान ठेवून कडेला स्टोव्हच्या गॅस्केटची दोरी लावा. विटांची कड कधीच गुळगुळीत नसते, दोरी ती फट भरून काढते. विटांवर चढवायचं असेल तर पाऊण इंच जास्त. मधला चौकोन इन्सर्टच्या मापाचा, आणि गरम हवेच्या जाळ्या कुठेही झाकल्या जाता कामा नयेत. पत्रा १६ गेजचा असला की तापून वाकत नाही. रंग स्टोव्हचाच, उष्णता सहन करणारा. पॅनेल स्क्रू काढून निघेल असंच बसवा, दरवर्षी मागे हात घालायचा आहे.

पेटवण्याआधी एक पत्र कंपनीला जरूर लिहा: मँटलपासूनची अंतरं त्यांच्या स्वतःच्या पॅनेलसह तपासलेली असतात, वेगळं पॅनेल चालेल का? लेखी उत्तर निरीक्षकाला दाखवता येतं. लाकडी मँटल असेल तर हे टाळू नका.

वापरताना

पेलेट ४० पौंडांच्या पिशवीत येतात, ५० पिशव्यांचा एक टन. पीएफआय या पेलेट उत्पादकांच्या संस्थेचा प्रीमियम शिक्का बघा: राख एक टक्क्याच्या आत, चुरा अर्धा टक्का. पिशवी ओली झाली की कांड्या फुगून पुन्हा भुसा होतात आणि ऑगरमध्ये अडकतात, म्हणून गॅरेजमध्ये लाकडी पॅलेटवर, जमिनीपासून वर ठेवा. भारतातून आई-बाबा हिवाळ्यात येणार असतील तर ४० पौंड त्यांना उचलायला लावू नका. छोटी बादली आणि डबा जवळ ठेवा. काच फार तापते, रांगतं मूल असेल तर जाळी हवीच.

एक धोका नीट समजून घ्या. बॉयलरचा थर्मोस्टॅट दिवाणखान्यात असेल तर इन्सर्टमुळे तो खूश राहतो आणि बॉयलर चालूच होत नाही. तळघरातले आणि मागच्या खोलीतले पाण्याचे पाइप मात्र गोठतात, फुटतात. थर्मोस्टॅट दुसऱ्या खोलीत हलवा, किंवा कडाक्याच्या थंडीत बॉयलर दिवसातून काही वेळा मुद्दाम चालवा.

बर्न पॉट दर एक-दोन दिवसांनी खरवडायचा, आठवड्याला राख काढायची. राखेसाठी धातूच्या टाकीचा खास व्हॅक्यूम लागतो. घरचा व्हॅक्यूम वापरला तर बारीक राख फिल्टरमधून खोलीभर पसरते, आणि एखादा निखारा राहिला असेल तर पिशवीच पेटते. साधारण टनामागे एकदा धुराचा मार्ग ब्रशने साफ करा. मोसम संपला की हॉपर आणि ऑगर रिकामे होईपर्यंत जाळा, सगळं झाडून काढा, प्लग काढा आणि हवेच्या पाइपच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर उन्हाळ्यात त्यात गांधीलमाश्या घर करतात.

डँपर काढला असेल तर फायरप्लेसच्या आत एक धातूची पट्टी स्क्रूने लावून ठेवा: "ही फायरप्लेस इन्सर्टसाठी बदललेली आहे, तपासणीशिवाय उघडी लाकडं जाळू नयेत," असं इंग्रजीत कोरलेली. बऱ्याच कंपन्या ती बरोबरच देतात. परवाना, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, कंपनीचं पत्र आणि कमानीचा तो पुठ्ठ्याचा साचा एका जागी ठेवा. घर विकताना पहिले तीन लागतील, आणि पॅनेल गंजलं तर चौथा.